वरून हाक, खालून सीडी

घरात दुसरा कॉम्प्युटर आला की पहिल्याची बदली खालच्या मजल्यावर होते. जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार भागांतल्या मराठी घरांत अशा बदल्या साधारण २००५च्या आसपास निघाल्या. पिवळा पडलेला जुना खोका आजोबांच्या खोलीत, नवा काळा वर मुलांच्या खोलीत. नव्याकडे चपटा मॉनिटर, मोठे स्पीकर आणि फिरती खुर्ची. जुन्याकडे आजोबा आणि त्यांचा पत्त्यांचा डाव. वर्षभरात मात्र पारडं फिरलं. नव्यातला सीडी ड्राइव्ह धुळीने मान टाकून बसला आणि जुन्यातला, का कोण जाणे, ठणठणीत राहिला.

नवा ड्राइव्ह तेव्हाही काही सोन्याच्या भावाने मिळत नव्हता. पण ‘घरात एक धड असताना दुसरा कशाला?’ हा प्रश्न मराठी घरात एकदा विचारला गेला की खरेदी संपलीच. त्यातून ती योजना निघाली. सीडी खालच्या ड्राइव्हमध्ये घालायची आणि गाणं वर ऐकायचं.

तार होतीच. बीएसएनएलने जानेवारी २००५मध्ये ‘डेटावन’ या नावाने ब्रॉडबँड आणलं आणि फोनच्या जुन्या तारेतून सेकंदाला २५६ किलोबिट घरात येऊ लागले. २५० रुपयांच्या योजनेत महिन्याला ४०० एमबी. ते दोन खोल्यांत वाटून घ्यायचं म्हणून एक केबल जिन्याच्या कठड्याला सुतळीने बांधत वर नेलेली असे. आता गंमत अशी, की जगाशी बोलताना २५६ किलोबिटांवर अडखळणाऱ्या त्या घराचा खालचा मजला वरच्या मजल्याशी सेकंदाला १०० मेगाबिटने बोलू शकत होता. जवळजवळ ४०० पट! एवढी सोय फुकट पडून आहे, हे कळल्यावर कुणाला झोप लागणार?

सल्ला देणाऱ्यांची तर या शहरात कधीच वानवा नव्हती. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली. व्हेईकल फॅक्टरी १९६९ची. रामपूरला शक्ती भवनात राज्याच्या वीज मंडळाचं मुख्यालय, रिज रोडला १९४२पासूनचं टेलिकॉम प्रशिक्षण केंद्र, १९५६पासून हायकोर्ट आणि २००३पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय. यातल्या निदान तीन खात्यांचे निवृत्त काका-मामा ज्याच्या नात्यात नाहीत असा मराठी माणूस जबलपुरात शोधून काढणं कठीण. आणि निवृत्त माणसाला खातं सोडतं, पण तो खात्याला सोडत नाही.

त्यामुळे ड्राइव्ह वरून दिसेना, अशी बातमी फुटली की तपास खातेनिहाय होई. फॅक्टरीतले काका पेचकस घेऊन येत. त्यांच्या मते जगातली कोणतीही वस्तू उघडून, पुसून, पुन्हा बसवली की चालते. उरलेले दोन स्क्रू हा कारखान्याचा दोष. वीज मंडळातले मामा आधी प्लगच्या तिसऱ्या पिनकडे बघत आणि ‘अर्थिंगच नाही, मग काय होणार?’ असं म्हणून चहा घेत. टेलिकॉमवाले काका केबलची दोन्ही टोकं स्वतः तपासत, म्हणजे एक टोक ते धरत आणि दुसऱ्यासाठी पुतण्याला जिना चढायला लावत. हायकोर्टातून निवृत्त झालेले आजोबांचे मित्र मूळ मुद्द्यालाच हात घालत. ड्राइव्ह कुणाच्या ताब्यात आहे, आणि वरच्यांना तो वापरायला देताना खालच्यांची लेखी संमती घेतली आहे का?

रेल्वेतल्या काकांना मात्र या सगळ्यात एक ऐतिहासिक अधिकार होता. कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे आणि मुंबईकडून येणारी जी.आय.पी. या दोन वेगळ्या कंपन्यांचे रूळ ७ मार्च १८७० रोजी जोडले गेले ते याच जबलपुरात. दोन परक्या जाळ्यांची गाठ आपल्या गावाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मारून दाखवली, तेव्हा वरचा आणि खालचा मजला म्हणजे किस झाड की पत्ती, असं त्यांचं म्हणणं. हिंदीतले व्यंगलेखक हरिशंकर परसाई नेपियर टाउनमध्येच राहत. ते १९९५ साली गेले. घरगुती नेटवर्कची ही समिती त्यांच्या हाती लागली नाही, हे हिंदी विनोदाचं नुकसानच.

पहिली अडचण मात्र यातल्या कुणाच्याच खात्यात बसत नव्हती. विंडोज एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत नेटवर्कच्या गटाचं नाव आपोआप ‘एमएसहोम’ पडे आणि प्रोफेशनल आवृत्तीत ‘वर्कग्रुप’. खाली दुकानदाराने एक आवृत्ती घालून दिलेली, वर कॉलेजमधल्या मित्राने दुसरी. परिणाम असा की एकाच छपराखाली, एकाच केबलवर असलेले दोन कॉम्प्युटर नेटवर्कच्या यादीत एकमेकांना ओळख देत नसत. जबलपूरच्या जुन्या वाड्यांमध्ये सख्ख्या भावांनीही हे करून दाखवलेलं असल्यामुळे कुणाला फार नवल वाटलं नाही. दोघांना एका गटात आणायला संध्याकाळ गेली. भावांच्या बाबतीत जास्त वेळ लागतो.

मग ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘शेअरिंग’. इथे एक्सपी घाबरवत असे. अख्खा ड्राइव्ह असा खुला करणं बरं नव्हे, धोका समजूनही करायचंच असेल तर इथे क्लिक करा, अशा अर्थाची सूचना येई. आजोबा ती दोनदा वाचत. खालची सीडी वरच्यांनी वाचल्याने नेमका कोणता धोका आहे, हे कुणालाच सांगता येत नसे, पण आपल्या ड्राइव्हला धोका आहे हे कळल्यावर आजोबांना त्याचं महत्त्व पटे. क्लिक केलं की ड्राइव्हच्या चित्राखाली एक पसरलेला तळहात उमटायचा. देणाऱ्याचा की मागणाऱ्याचा, ते मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलं नव्हतं.

वरच्या पडद्यावर ड्राइव्ह दिसला. आत सगळी गाणी दिसली. ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन, ओळीने. आणि क्लिक केल्यावर काहीच नाही.

‘काका, ड्राइव्ह दिसून तर राहिला आहे, पण वाजून नाही राहिला!’

हे वाक्य त्या काळात जबलपूर-नागपूर पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत उच्चारलं गेलं असणार, आणि त्याचं उत्तर काकांकडे नव्हतं, फिलिप्स आणि सोनीकडे होतं. या दोन कंपन्यांनी १९८०च्या सुमारास गाण्याच्या सीडीचे नियम ठरवले आणि १९८२ साली ती बाजारात आणली. कॉम्प्युटरने ती वाचावी असं तेव्हा त्यांच्या मनातही नव्हतं. त्यामुळे गाण्याच्या सीडीवर ‘फाइल’ नावाची वस्तूच नसते. सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन कानांसाठी वेगवेगळे, अशी एक अखंड वाटोळी रेघ असते, आणि कुठलं गाणं कुठे सुरू होतं याची सुरुवातीला एक यादी. विंडोजला फाइल दाखवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ते प्रत्येक गाण्यासाठी ‘.सीडीए’ नावाची एक फाइल स्वतःच्या मनाने रचून दाखवतं. ती असते फक्त ४४ बाइटची. ती म्हणजे लग्नपत्रिका. कार्य कुठे आहे, किती वाजता सुरू होणार, किती वेळ चालणार, एवढंच तीत छापलेलं. केबलवरून वर पोचली ती पत्रिका. पंगत खालीच राहिली.

सीडी ज्या कॉम्प्युटरमध्ये असते तिथला वाजवणारा प्रोग्रॅम फाइलच्या भानगडीत न पडता थेट ड्राइव्हशी बोलतो, अमुक ठिकाणापासून वाचायला लाग म्हणून सांगतो. शेअर केलेल्या ड्राइव्हवर हे बोलणं चालत नाही. नेटवर्क फाइली नेतं. फाइल नसेल तर त्याचा नाइलाज असतो.

या ४४ बाइटांनी त्या काळात भल्याभल्यांना चकवलं. सीडीवरची गाणी फ्लॉपीवर घेता येतात असा शोध गल्लोगल्ली लागत होता. गीतरामायणाचंच घ्या. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, पुणे आकाशवाणीवर १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर दर आठवड्याला एक. रामनवमीला ते न लावणारं मराठी घर जबलपुरातही विरळा. सीडींच्या संचातून ही ५६ ‘गाणी’ ओढून फ्लॉपीवर टाकली की सगळी मिळून २,४६४ बाइट होतात. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला पत्ताही लागत नाही. सीडीवरच्या खऱ्या आवाजाच्या एका मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याला हा चमत्कार वाटतो. तो फ्लॉपी पाकिटात घालतो, वर ‘गीतरामायण, संपूर्ण’ असं लिहितो आणि जाणाऱ्या कुणाबरोबर नागपूरच्या आत्याकडे धाडतो. आत्याकडून तीन दिवसांनी फोन येतो. आत्याला वाटतं आपला कॉम्प्युटर बिघडला, भाच्याला वाटतं आत्याला क्लिक करता येत नाही. दोघंही मोठ्या मनाने एकमेकांना माफ करतात.

ड्राइव्ह डीव्हीडी वाचणारा असेल, तर तिचं दुखणं वेगळं. तिच्यावर खऱ्याखुऱ्या फाइली असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या, आणि त्या वरच्या मजल्यावर व्यवस्थित दिसतात. उघडल्या की पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन नाचू लागतात. सिनेमे विकणाऱ्यांनी डीव्हीडीला सीएसएस नावाचं कुलूप घातलेलं असतं. वाजवणारा प्रोग्रॅम आणि ड्राइव्ह यांनी आधी एकमेकांशी खुणेचे शब्द बोलायचे, तेव्हा किल्ली मिळते. पुन्हा तेच! खुणेचे शब्द केबलवरून जात नाहीत. नॉर्वेतल्या योन लेक योहान्सेन या मुलाने आणखी काही जणांबरोबर हे कुलूप १९९९ साली उघडून दाखवलं, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला झाला आणि २००३मध्ये तो सुटला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी स्वतः बघण्याचा माणसाला हक्क आहे, हे ठरवायला एका प्रगत देशाची दोन कोर्टं लागली. जबलपुरात हा खटला आजोबांच्या मित्रांसमोर आला असता, तर अजून तारखाच पडत असत्या.

अमेरिकेहून वहिनींनी आणलेली डीव्हीडी असेल तर कुलपावर आणखी एक कडी. अमेरिका विभाग १, भारत विभाग ५. ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण मोजून पाच वेळा. त्यानंतर तो जिथे असेल तिथला कायमचा नागरिक होतो.

आणि मग व्हीसीडी. जिच्याकडे कुणी मानाने बघत नव्हतं, ती बिनतक्रार चालली. व्हीसीडीवर कुलूप नाही, विभाग नाही, खुणेचे शब्द नाहीत. एका फोल्डरमध्ये ‘.डॅट’ नावाची एक लठ्ठ फाइल असते, विंडोज ती नीट वाचतं आणि नेटवर्क तिला इतर कुठल्याही फाइलसारखी वर नेऊन टाकतं. चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला दीड मेगाबिटही लागत नाहीत. १०० मेगाबिटच्या केबलला ते गेलेलं कळतही नाही. मोझर बेअर या सीड्या बनवणाऱ्या कंपनीने २००७ साली सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा सहा रुपये वाचवणारे काटकसरी लोक तांत्रिकदृष्ट्याही बरोबर ठरले. महाग वस्तू अडून बसावी आणि स्वस्त वस्तूने निमूटपणे काम करावं, हे सरकारी कारखान्यांत आयुष्य काढलेल्यांना मनापासून पटलं.

चित्र वर दिसू लागलं आणि तिथेच खरा प्रश्न उभा राहिला. एका व्हीसीडीत मावतात ७४ ते ८० मिनिटं. ‘लगान’ आहे २२४ मिनिटांचा, म्हणजे तीन सीड्या. ऐन वेळी पडदा थांबतो आणि पुढचा सिनेमा खालच्या मजल्यावर, पाकिटात असतो. जगातल्या कुठल्याही नेटवर्कला सीडी बदलता येत नाही. तिला हात लागतो. तो हात खाली ज्या माणसाला आहे, त्याने दुपारी जेवून नुकतीच कूस बदललेली असते.

‘आजोबा, दुसरी घाला!’

दुसरी घालायची म्हणजे चष्मा शोधायचा. चष्मा लावून पाकिटावरचा आकडा वाचायचा. ड्राइव्हचं बटण दाबायचं, ट्रे बाहेर आला की सीडी कुठल्या बाजूने ठेवायची याचा विचार करायचा. तेवढ्यात ट्रे आपोआप आत जातो. हे सगळं वरच्या मजल्यावरून दिसत नसल्यामुळे वरून आणखी हाका. कधी आजी मध्येच धूळ पुसताना बटणावर फडकं दाबत आणि ट्रे बाहेर येई. वर आमिर खान बॅट उगारलेल्या अवस्थेत गोठे आणि सामना अनिर्णित राही. वरच्या खुर्चीत बसून सगळं चालवता येईल असं ज्या योजनेचं वर्णन होतं, तिची सगळी सूत्रं शेवटी खालच्या खोलीत, बटणाजवळ झोपलेल्या माणसाच्या हाती आली.

आजोबांनी ते ओळखलं. नोकरीत असताना न मिळालेला मान त्यांना त्या बटणाने दिला. सीडी आधी त्यांना दाखवायची, त्यांनी ती उजेडात धरून ओरखडे बघायचे, फार असतील तर टूथपेस्ट लावून पुसायची, आणि ‘आत्ता नाही, बातम्यांनंतर’ असं सांगायचं. ‘जिस देश में गंगा बहती है’ या १९६०च्या सिनेमाची व्हीसीडी असेल तर मात्र ते स्वतः जिना चढून वर येत. त्याचं काही चित्रीकरण जबलपूरजवळच्या भेडाघाटला झालेलं. संगमरवरी कडे दिसले की थांबवायचं, ही सक्त सूचना. मग कोपऱ्यातल्या खडकावर बोट ठेवून इथे आपण कुठे बसलो होतो ते सांगणं, आणि शेवटी जबलपूरकरांची ती कायमची तक्रार: दृश्य आमच्या नर्मदेचं, नाव गंगेचं! ते वर आलेले असताना दुसरी सीडी घालायला खाली कुणी नसे, हे वेगळं.

भर म्हणून वीज. २००३ची मध्य प्रदेशातली निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी यांवर लढली गेली, आणि वीज मंडळाचं मुख्यालय गावात असून गावाचा त्यात काही वेगळा लाड नव्हता. यूपीएस वरच्या कॉम्प्युटरला, कारण तो नवा. सीडी खालच्यात, कारण ड्राइव्ह तिथे. वीज गेली की वरचा पडदा उजळ, आणि सिनेमा अंधारात अडकलेला. भाड्याची सीडी रात्री आठच्या आत दुकानात परत करायची असेल तर ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक भोकात टाचणी खुपसून ट्रे बाहेर काढावा लागे. ते भोक त्यासाठीच असतं. हे ज्ञान घरात फक्त फॅक्टरीतल्या काकांकडे होतं, आणि त्या एका टाचणीवर त्यांनी पुढची दहा वर्षं मान मिळवला.

अमेरिकेतही याहून वेगळं काही घडलं नाही, हे नमूद करायला हवं. जानेवारी २००८मध्ये स्टीव्ह जॉब्सनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. त्यात डिस्कचा ड्राइव्हच नव्हता. त्यावर उपाय म्हणून ॲपलने ‘रिमोट डिस्क’ दिली. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह नेटवर्कवरून वापरा. थोडक्यात, राइट टाउनची योजना, फक्त इंग्रजीत. खाली बारीक अक्षरांत काय चालणार नाही त्याची यादी होती: गाण्यांच्या सीडी, सिनेमाच्या डीव्हीडी, कुलूप घातलेल्या खेळांच्या डिस्क. म्हणजे ज्यासाठी माणसं डिस्क हातात घेतात ते सगळं वगळून बाकी सर्व चालेल. ज्यांना तेही हवं असेल त्यांनी ९९ डॉलरचा बाहेरून लावायचा ड्राइव्ह घ्यावा. ‘घरात एक धड असताना दुसरा कशाला?’ असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून तो खपला.

जबलपूरच्या घरांना तोडगा मिळाला तो पॅरिसकडून. एकोल सेंत्राल या कॉलेजच्या वसतिगृहातलं नेटवर्क इतकं मंद होतं की पोरांना एकमेकांशी खेळ खेळता येईनात. वेगवान नेटवर्क मागायला सांगण्यासारखं कारण हवं होतं, म्हणून त्यांनी १९९६ साली नेटवर्कवरून टीव्ही दाखवण्याचा प्रकल्प काढला. त्यातून व्हीएलसी निघालं, आणि २००१पासून ते सगळ्यांना मोफत खुलं झालं. त्याच्या चित्रातला नारिंगी शंकू म्हणजे या मुलांनी रस्त्यावरून गोळा करून आणलेले वाहतुकीचे शंकू. गोळा करून आणलेले, हा सभ्य शब्द झाला.

व्हीएलसीने प्रश्न उलटा सोडवला. ड्राइव्ह वर पाठवायचाच नाही. सीडी खालीच वाजवायची आणि वाजत असलेला आवाज केबलवरून वर सोडायचा. गाण्याची सीडीसुद्धा मग चालते, कारण ड्राइव्हशी बोलणारा प्रोग्रॅम ड्राइव्हच्या शेजारीच बसलेला असतो. फक्त खाली आणि वर एक-दोन सेकंदांचं अंतर पडतं. विनोदी नाटकाची डिस्क लावली की आधी खालून आजोबांचं हसणं ऐकू येई, आणि मग वर विनोद. वरच्यांनी पुष्कळदा विनोदाची वाट न बघताच हसून घेतलं. गाणं पुढे ढकलायचं, मागे घ्यायचं, थांबवायचं तर बटण पुन्हा खालीच.

पुढे पेन ड्राइव्ह आले, गाणी फोनवर आली, सीड्या बनवणाऱ्या जगातल्या बड्या कारखान्यांपैकी एक असलेली मोझर बेअर २०१८ साली मोडीत निघाली. लॅपटॉपांना ड्राइव्ह बसवणं कंपन्यांनी सोडून दिलं. तरी प्रश्न मिटलेला नाही, कारण कपाटात लग्नाच्या डीव्हीडी आहेत. दत्तमंदिरातली मुंज, डोहाळजेवण, आजीची पंच्याहत्तरी. पुण्या-बंगळुरात नोकरी करणाऱ्या मुलांच्या एकाही लॅपटॉपला त्या गिळता येत नाहीत, आणि खालचा पिवळा खोका भंगारवाल्याने नेऊन बरीच वर्षं झाली.

म्हणून आता घराण्यात वर्गणी काढून यूएसबीचा एक बाहेरचा ड्राइव्ह घेतलेला असतो. प्रत्येकाने वेगळा घ्यायची कल्पना कुणीतरी मांडली होती, तिला नेहमीचंच उत्तर मिळालं. त्याच्या वायरीला दोन तोंडं आहेत, कारण एका यूएसबीतून त्याला पुरेशी वीज मिळत नाही. हे काकांनी सगळ्यांना फोनवर समजावून सांगितलेलं आहे. ड्राइव्ह सध्या नागपूरला आत्यांकडे आहे. त्यांचं बघून झालं की जबलपूरला कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर त्या पाठवतील. वायर मात्र पुण्यात राहिली आहे.